प्रिंटरवरचं हाड आणि ठिबकसारखं सुटणारं औषध: खान्देशातून येणारे नेहमीचे प्रश्न

धुळे जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजात मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. आमच्या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर आल्यापासून वर्गात, दवाखान्याच्या बाकड्यावर, एसटीत आणि लग्नाच्या पंगतीतही छापलेल्या हाडाबद्दल आणि औषधाबद्दल तेच ते प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. कोणाच्या पायावर काय करायचं ते त्यांचे सर्जनच सांगतील.

हाई काय शे, भाऊ? प्रिंटरमधून हाड कसं निघेल?

हा प्रश्न माझ्या मामींचा. त्यांच्या डोळ्यांसमोर तलाठी कार्यालयातला प्रिंटर होता. मामी दर उन्हाळ्यात कुरडया घालतात, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. गहू भिजवून, वाटून काढलेला चीक शिजवायचा, सोऱ्यात भरायचा आणि खाटेवर पसरलेल्या धोतरावर गोल गोल घालायचा. आमचा प्रिंटर हाच उद्योग करतो. फक्त सोऱ्याचं तोंड अर्ध्या मिलीमीटरहून बारीक असतं, हात मोटरचा असतो आणि कुठे वळायचं ते कॉम्प्युटर सांगतो. एका कुरडईवर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशा शेकडो थरांनी वस्तू उभी राहते.

चीक पातळ राहिला तर कुरडई पसरते. फार घट्ट झाला तर सोऱ्या दाबता दाबता मनगट भरून येतं. आमच्या शाईचं, म्हणजे बायोइंकचं, दुखणं अगदी तेच. ती दाबाखाली पातळ व्हायला हवी आणि तोंडातून बाहेर पडल्या पडल्या धरून राहायला हवी. शिवाय तिच्यात जिवंत पेशी असतील तर जास्त दाबाने त्या चिरडून मरतात. तेव्हा आकार नेटका हवा असेल तर शाई घट्ट लागते, आणि पेशी जगवायच्या तर मऊ. या ओढाताणीत आमच्या क्षेत्रातल्या लोकांची निम्मी हयात जाते.

सगळं ऐकून मामी म्हणाल्या, "म्हणजे एवढं शिकून तू कुरडयाच घालतोस!"

माझ्या हाडाचा आकार त्याला कसा कळतो?

सीटी स्कॅनवरून. सीटी म्हणजे हाडाचे बारीक काप काढल्यासारखे फोटो. कॉम्प्युटर ते काप एकावर एक रचून हाड उभं करतो. कवटीचा डावीकडचा तुकडा गेला असेल तर उजवी बाजू आरशासारखी उलटवून नेमका हरवलेला भाग काढता येतो.

हे सगळं नवीनच आहे का?

तितकं नाही. थरावर थर रचून वस्तू बनवण्याच्या एका पद्धतीचं पेटंट अमेरिकेत चक हल यांनी १९८४ मध्ये मागितलं आणि १९८६ मध्ये ते मिळालं. संशोधक थॉमस बोलंड यांनी २००३ च्या सुमारास ऑफिसातला साधा इंकजेट प्रिंटर बदलून त्यातून जिवंत पेशी सोडून दाखवल्या. म्हणजे मामींच्या डोळ्यांसमोरचा तलाठी कार्यालयातला प्रिंटर अगदीच चुकीचा नव्हता.

छापलेलं हाड शरीरात कायमचं राहतं का?

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. लोकांना वाटतं, ट्रॅक्टरचा सुटा भाग मिळतो तसा शरीराचा भाग मिळणार. टायटॅनियमच्या प्लेटी तशाच असतात, बसवल्या की राहतात. पण ऊती दुरुस्त करण्यासाठी छापलेली वस्तू ही बांधकामाची परांची आहे. गवंडी परांचीवर उभा राहून भिंत रचतो, भिंत झाली की परांची उतरते. इथे गवंडी म्हणजे तुमच्याच पेशी. त्या छिद्रांतून आत शिरतात, हाड रचतात आणि परांची हळूहळू विरघळून जाते.

छिद्रं वाटेल तशी ठेवून चालत नाही. हाडासाठी साधारण ३०० ते ५०० मायक्रॉनची छिद्रं बरी पडतात, म्हणजे अर्ध्या मिलीमीटरच्या आतबाहेर. त्याहून फार बारीक झाली तर रक्तवाहिन्या शिरत नाहीत, फार मोठी झाली तर वस्तू ठिसूळ होते. परांची उतरायची वेळही साधावी लागते. पीसीएल नावाचं पॉलिमर, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, विरघळायला दोनतीन वर्षं घेतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट त्यापेक्षा लवकर जिरतं. हायड्रॉक्सीअॅपेटाइट, म्हणजे आपल्या हाडातल्याच खनिजाचा भाऊबंद, वर्षानुवर्षं रेंगाळतं. परांची लवकर गेली तर अर्धी भिंत कोसळते. उशिरा गेली तर नव्या हाडावर भारच येत नाही, आणि भार न आलेलं हाड कमकुवत राहतं.

यात प्राण्यांचं काही असतं का? आमच्या घरी चालत नाही.

हा प्रश्न जैन घरांतून येतो, मुस्लिम घरांतूनही येतो, आणि डॉक्टरांना विचारायला लोक लाजतात. लाजू नका. जिलेटिन आणि कोलॅजन बहुधा डुकराच्या किंवा गाईगुरांच्या कातडी-हाडांतून येतात. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतून. रेशमाचं प्रथिन कोशांतून. याउलट अल्जिनेट समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून मिळतं, पीसीएल कारखान्यात बनतं आणि कॅल्शियम फॉस्फेट हे खनिज आहे. पीएलए नावाचं पॉलिमर तर मक्यासारख्या पिकाच्या साखरेपासून बनतं. ती साखर आंबवून लॅक्टिक अॅसिड काढतात, म्हणजे दह्यात असतं तेच. शिरपूर-शहाद्याकडचा मका पाहिला की मला उगाच वाटतं, यातलं एखादं कणीस कोणाच्या तरी जबड्यात जाऊन बसायचं.

कोणती वस्तू वापरणार आहेत ते ऑपरेशनच्या आधी विचारणं हा तुमचा हक्क आहे.

आज रुग्णांना प्रत्यक्षात काय मिळतं?

बातम्यांत दिसतं त्यापेक्षा कमी, आणि चेष्टा करणाऱ्यांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त.

कवटीची छिद्रं आणि खड्डे भरण्यासाठी पीसीएलच्या विरघळणाऱ्या जाळ्या सिंगापुरात विकसित झाल्या आणि माणसांत वापरल्या जातात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी श्वासनलिका सारखी मिटणाऱ्या एका तान्ह्या बाळाला बाहेरून आधार देणारी, पीसीएलची छापलेली नळी बसवली. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नळी अशी होती की बाळ वाढेल तशी तीही उघडत जाईल आणि काही वर्षांत विरून जाईल. हे उदाहरण मी वर्गात दरवर्षी सांगतो, कारण कायमची वस्तू इथे उलट घातक ठरली असती. २०२२ मध्ये अमेरिकेतच, जन्मतः बाह्यकर्ण नीट न बनलेल्या एका तरुणीला तिच्याच कूर्चेच्या पेशींपासून छापलेला कान बसवल्याचं जाहीर झालं, पण ते चाचणीचा भाग म्हणून. आपल्याकडे हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी ही पेशींवर संशोधन करणारी संस्था यांनी मानवी कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, द्रव्यापासून कॉर्निया छापून सशाच्या डोळ्यात बसवल्याचं त्याच वर्षी सांगितलं. सशाच्या, माणसाच्या नव्हे. नेत्रदानाचा फॉर्म फाडू नका.

खान्देशातल्या रुग्णाला आज याचा संबंध येतो तो बहुतेक जबडा, कवटी आणि दातांच्या कामात. सर्जन सीटी पाठवतात, मोठ्या शहरातून रुग्णाच्या मापाचं मॉडेल, गाइड किंवा प्लेट बनून येते. यातल्या बऱ्याच वस्तू विरघळणाऱ्या नसतात, पण ऑपरेशनचा वेळ वाचतो हे खरं.

मग किडनी कधी छापून मिळेल? गुडघा?

कालव्याचं पाणी शेपटाकडच्या शेताला पोचत नाही, हे दुखणं इथल्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. पेशींचं तसंच असतं. जवळच्या केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनच्या आत असलेली पेशी जगते, त्यापलीकडची प्राणवायूवाचून मरते. पातळ कातडी, कूर्चा किंवा कॉर्निया जमू शकतो, कारण तिथे गरज कमी किंवा जाडी कमी. किडनी म्हणजे मुठीएवढा गठ्ठा आणि आत लाखो गाळण्या, प्रत्येकीला स्वतःची चारी. ही चाऱ्यांची जाळी छापणं अजून जमलेलं नाही. २०१९ मध्ये तेल अवीवला माणसाच्या पेशींपासून छोटंसं हृदय छापलं, तेव्हा पेशी आकुंचन पावत होत्या, पण हृदय पंपासारखं रक्त ढकलत नव्हतं. डायलिसिसवरच्या माणसाला "दोन वर्षं थांबा, छापून मिळेल" असं कोणी सांगत असेल तर तो क्रूरपणा आहे.

गुडघ्याचं म्हणाल तर धातूचे काही सांधे थ्रीडी प्रिंटिंगने बनतात आणि ते चांगले आहेत. पण घासून गेलेली कूर्चा छापून पुन्हा चढवणं हे अजून संशोधनातलं काम आहे. जाहिरातीत "थ्रीडी गुडघा" लिहिलेलं असतं तेव्हा यातलं नेमकं काय, ते विचारा.

यात औषधाचा काय संबंध? तुम्ही तर फार्मसीवाले.

इथे जळगावचा माणूस सगळ्यात पटकन समजून घेतो. केळीला पाटाने पाणी दिलं की पहिल्या दिवशी चिखल आणि आठव्या दिवशी भेगा. ठिबकने दिलं की मुळाशी रोज थेंब थेंब. तोंडाने घेतलेली गोळी बरीचशी पाटपाण्यासारखी असते. ती सगळ्या अंगभर फिरते आणि दुखऱ्या जागी थोडीच पोचते. छापलेल्या परांचीत औषध मिसळलं तर ते नेमक्या जागी, हळूहळू सुटू शकतं.

खरी गरज कुठे आहे ते हायवेवर कळतं. मोटारसायकलच्या अपघातात नडगीचं हाड बाहेर आलं, माती गेली, आणि महिन्याभराने पू. हाडातला जंतुसंसर्ग काढणं फार चिवट काम, कारण मेलेल्या हाडात रक्त जात नाही, म्हणजे सलाइनमधून दिलेलं अँटिबायोटिकही जात नाही. आज सर्जन अशा पोकळीत हाडाच्या सिमेंटचे, अँटिबायोटिक घातलेले मणी ठेवतात. उपाय चांगला आहे, पण मणी विरघळत नाहीत, बहुतेकदा पुन्हा ऑपरेशन करून काढावे लागतात. मण्यांच्या जागी औषध सोडणारी, हाड वाढू देणारी आणि स्वतः निघून जाणारी परांची आली तर एक ऑपरेशन वाचतं. प्राण्यांवर अशी बरीच कामं झाली आहेत.

अडचणी दोन. पहिली म्हणजे पहिल्याच दिवशी औषधाचा मोठा लोंढा बाहेर पडतो, कारण पृष्ठभागावरचं औषध लगेच सुटतं. ठिबक लावलं आणि पहिल्या दिवशी पाइपच फुटला, असं. दुसरी म्हणजे पीएलए वितळवायला दीडशे अंशांच्या पुढे जावं लागतं आणि त्या आचेला बरीच औषधं टिकत नाहीत. म्हणून कॅल्शियम फॉस्फेटचा लगदा साध्या तापमानाला छापून त्यात औषध घालणं मला जास्त पटतं. आणि एक कबुली: ठिबकला कॉक असतो, बंद करता येतो. हाडात ठेवलेल्या औषधाला कॉक नाही.

गोळ्यासुद्धा छापतात म्हणे?

हो, आणि माझ्या मते खान्देशासाठी छापलेल्या अवयवापेक्षा छापलेली गोळी जवळची आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये स्प्रिटाम या फिटांवरच्या गोळीला मंजुरी दिली; छापलेली अशी ती पहिली गोळी. त्यात भुकटीचा थर पसरून वर चिकट द्रावाचे थेंब सोडतात, पुन्हा भुकटी, पुन्हा थेंब. यंत्राने दाबलेली नसल्यामुळे गोळी सच्छिद्र राहते आणि १००० मिलिग्रॅम औषध असूनही घोटभर पाण्यात काही सेकंदांत विरघळते. गिळता न येणाऱ्या लेकराला किंवा आजोबांना हे किती मोठं आहे, ते घरात असा रुग्ण असलेल्यालाच कळेल.

आकारानेही फरक पडतो. लंडनच्या संशोधकांनी पॅरासिटामॉलच्या गोळ्या पिरॅमिड, घन, कडं, गोल आणि दंडगोल अशा छापून पाहिल्या. पृष्ठभाग सारखा ठेवला तरी पिरॅमिडमधून औषध सगळ्यात लवकर सुटलं, गोल आणि दंडगोलातून सगळ्यात सावकाश, कारण आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कोणाचा किती यावर ते ठरतं. गूळ फोडून टाकला तर चहात लवकर विरघळतो, ढेप टाकली तर नाही, इतकंच. पण त्याच औषधाचा वेग नुसता आकार बदलून बदलता येतो, यामुळे आमच्यासारख्यांना झोप लागत नाही.

नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या मुलांना याचा उपयोग होईल का?

हा प्रश्न अक्राणी भागात काम करणाऱ्या एका आरोग्यसेविकेने विचारला आणि मला निरुत्तर केलं होतं. नंतर विचार करून लिहितो.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर हायड्रॉक्सीयुरिया हे मोठं औषध आहे आणि त्याचा डोस वजनावर ठरतो. समजा डॉक्टरांनी किलोमागे २० मिलिग्रॅम सांगितलं आणि लेकरू १४ किलोचं आहे, तर रोज २८० मिलिग्रॅम झालं. सहज मिळते ती कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. मग आई काय करते? कॅप्सूल उघडून अंदाजाने निम्मी भुकटी पाण्यात टाकते. डोस कमी-जास्त होतो, आणि ही भुकटी पेशींच्या वाढीवर परिणाम करणारी असल्यामुळे उघड्या हाताने हाताळायची नसते, गरोदर बाईने तर मुळीच नाही. लेकराचं वजन चार महिन्यांनी वाढलं की पुन्हा नवा हिशेब.

जिल्हा रुग्णालयाच्या औषध विभागात गोळी छापणारं यंत्र असेल आणि फार्मासिस्ट २८० चा आकडा घालून महिन्याच्या गोळ्या काढून देत असेल, हे स्वप्न अगदीच हवेतलं नाही. स्पेनमध्ये सँतियागो दे कोंपोस्तेलाच्या रुग्णालयात चयापचयाच्या एका दुर्मिळ आजाराच्या चार मुलांना आयसोल्युसिनच्या चघळायच्या गोळ्या, प्रत्येकाच्या मापाच्या, वेगवेगळ्या रंगा-चवींच्या, रुग्णालयातच छापून दिल्या होत्या. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हायड्रॉक्सीयुरियासाठी असं यंत्र आपल्याकडे आज नाही. तोवर डोस डॉक्टरांना विचारून, मोजूनच द्या आणि रक्ततपासणी चुकवू नका. पुरेशा कमी ताकदीच्या गोळ्या आदिवासी भागात नियमित पोचल्या तरी निम्मं काम प्रिंटरवाचून होईल, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

शुगरमुळे पायाला झालेली जखम यावर बरी होते का?

छापलेल्या कातडीवर आणि पट्ट्यांवर काम चालू आहे. अल्जिनेटच्या साध्या, न छापलेल्या पट्ट्या मात्र आजही दुकानात मिळतात. पण पायावरचा भार काढणं, साखर आवरणं आणि मेलेली कातडी वेळेवर काढून घेणं, हे तीन झाल्याशिवाय कोणतीही पट्टी उपयोगाची नाही. शेतात अनवाणी जाऊ नका.

"स्टेम सेलने छापून देतो" असं सांगणारे खरे असतात का?

पैसे मागत असतील तर सावध राहा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही मान्य आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर हा उपचार नाही, तो फक्त मंजूर चाचणीतच व्हायला हवा. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून चाचणीच्या उपचाराचे पैसे घेत नाहीत, नैतिकता समितीची मंजुरी असते, देशाच्या चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर, नोंद असते आणि संमतिपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत देतात. नोंदणी क्रमांक मागा. क्रमांकाच्या जागी चहा आला तर उठा.

घरच्या किंवा सराफाच्या प्रिंटरवर असं काही छापता येईल का?

दागिन्यांचे साचे छापणारं यंत्र आणि आमचं यंत्र चुलतभाऊ आहेत, हे खरं. पण शरीरात जाणारी वस्तू निर्जंतुक हवी. पीसीएल ६० अंशांना वितळतं, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलं तर फक्त डबकं उरेल. त्याला इथिलीन ऑक्साइड वायू किंवा गॅमा किरण लागतात. शिवाय २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली अशा वस्तू येतात आणि शरीरात विरणाऱ्या वस्तूंना वरच्या धोक्याच्या वर्गांत टाकतात. घरी कुरडयाच घाला.

खान्देशच्या उन्हाळ्यात ही यंत्रं चालतात का?

चालतात, वीज असेल तर. मागच्या मे महिन्यात विद्यार्थ्यांना दाखवायला जिलेटिन आणि अल्जिनेटच्या शाईने कान छापत होतो. बाहेर ४४ अंश, आत एसी. दुपारी एकला वीज गेली. जिलेटिन तिशी ओलांडली की ढिलं पडायला लागतं. कानाची पाळी आधी खाली झुकली, मग वरची कड आत वळली, आणि अर्ध्या तासात बशीत गुळाच्या पाकासारखं काहीतरी पसरलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, कान गळाला." कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण आधीच वरून सोडलं असतं तर अल्जिनेट धरून राहिलं असतं. चूक माझी. आता बाटली यंत्राशेजारीच ठेवतो.

फार्मसीच्या मुलांनी यात पडावं का?

पडावं, पण यंत्राच्या मोहाने नको. पॉलिमर कसं विरघळतं, औषध कसं सुटतं, पेशी कशाला चिकटतात हे पक्कं असेल तर यंत्र आठवड्यात शिकता येतं. उलटं जमत नाही.

वडिलांच्या नडगीत दोन वर्षं पू आहे. नवीन उपाय येईपर्यंत थांबू का?

नाही. आज जे ऑपरेशन सांगितलंय ते करून घ्या, मण्यांचंही चालेल. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले योजनेत बसतं का ते विचारा. आणि सीटी काढाल तेव्हा नुसत्या फिल्मवर परत येऊ नका, सीडी मागून घ्या. फिल्मवरून काही छापता येत नाही, सीडीवरून येतं. ती गोदरेजच्या कपाटात, सातबाऱ्याच्या फाइलशेजारी ठेवा, टीव्हीवर ठेवू नका, ओरखडे पडतात.